राच बानमधली शेवटची तिथी

पहाटे खांबावरचा सरकारी कर्णा खरखरला आणि तामकाकूने त्याला रोजच्यासारखीच एक शिवी हासडली.

कर्ण्यातली बाई सांगत होती, आपल्या प्रांतातून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची संख्या यंदाही वाढली, वरच्या कारखान्यांच्या प्रांतांची लोकसंख्या झपाट्याने फुगते आहे, दोन्हीकडे प्रगतीच आहे. आवाज गोड होता. रिकाम्या वाडीत एकटीसाठी भात टाकायची वेळ जिच्यावर कधी आली नाही, तिचाच आवाज इतका गोड असू शकतो.

"प्रगती म्हणे!" चुलीत झावळी कोंबत तामकाकू म्हणाली. "ये इथं, भांडी घास माझी, मग बोल."

आज तिच्या नवऱ्याची तिथी होती. मोठ्या पातेल्यात नारळाच्या पाण्यात डुकराचं मांस आणि अंडी रटरटत होती, दुसऱ्यात माशाचं आंबट कालवण, आणि केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे उंडे दोरीला जोड्याजोड्याने लटकत होते. पूर्वी अख्खी वाडी जेवून, वर घरी बांधून नेईल एवढा स्वयंपाक. वाडीत आता माणसं उरली नाहीत हे तिला ठाऊक होतं. हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

राच बान काही एका दिवसात ओस पडली नाही. आधी कालव्याचं पाणी मचूळ झालं, मग खारं. भात जळला. लोकांनी शेतं खणून कोळंबीची तळी केली, कोळंबीही मेली. साहेब लोक येऊन पाणी बाटलीत भरून घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. मग एक पोरगा बिन्ह डुओंगला बुटांच्या कारखान्यात गेला. त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला. म्हातारी माणसं मेली, तरणी गेली, आणि जाताना प्रत्येक जण तामकाकूच्या हातात घराची किल्ली देऊन म्हणाला, "काकू, तेवढी संध्याकाळची उदबत्ती लावा आमच्या पितरांना." चुलीमागच्या खिळ्यावर किल्ल्यांचा झुबका झाला होता. रोज उन्हं उतरली की ती लहान होडी काढायची, काठाकाठाने एकेक दार उघडायची, एकेका देव्हाऱ्यापुढे उदबत्ती खोवायची आणि कुलूप लावून पुढे व्हायची. वाडीतल्या जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांशीच तिचं बोलणं जास्त. निदान मेलेले मध्येच उठून तर जात नाहीत, असं ती म्हणायची.

आज मात्र खिएम येणार होता. तिचा धाकटा. आणि इकडे घर, देव्हारा, बापाचं थडगं, सगळं धाकट्याच्याच गळ्यात असतं. थोरल्यांनी हवं तिथं मरावं, धाकट्याने परत यावं. तीन वर्षांनी येतोय म्हणजे काहीतरी ठरवून येतोय, हे तिने ओळखलं होतं. आता राहतो म्हणेल, एवढ्या आशेवर तिने पहाटेपासून कंबर मोडून घेतली होती.

सगळ्यात आधी आला हाईकाका. कालव्यापलीकडचा म्हातारा, तिच्या नवऱ्याचा दोस्त, काखेत भाताच्या दारूची बाटली.

"ताम, वऱ्हाड यायचंय का गं? तीन टेबलं मांडलीस!"

"तू एकटा दोन टेबलांचं पितोस, म्हणून मांडली."

"मग तिसरं?"

"तिसऱ्याखाली तू लोळतोस."

हाईकाका बोळकं पसरून हसला आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडून दोस्ताला म्हणाला, "ऐकलंस? अजून तशीच आहे. तू सुटलास."

खिएम बायकोला घेऊन मोटरसायकलवर आला. दोघं धुळीने भुरे झाले होते. लुआ मध्य व्हिएतनामची, कारखान्याच्या पट्ट्यावर शेजारी उभी राहून शिवता शिवता जमलेलं लग्न. तिचं निम्मं बोलणं तामकाकूला कळायचं नाही, आणि तामकाकूच्या शिव्या लुआला कळायच्या नाहीत, म्हणून दोघींचं बरं चाललं होतं.

"पोर कुठाय माझी?"

"शाळा बुडते, आई. शेजारी ठेवली."

"कोण शेजारी?"

"थुइ. आपली थुइ, होडीवाल्यांची."

तामकाकूने चुलीमागे नजर टाकली. थुइच्या घराची किल्ली खिळ्यावर होती.

उदबत्त्या लावल्या, बापाला जेवायला बोलावलं, उदबत्त्या सरेपर्यंत थांबले आणि मग चौघं जण एका टेबलावर बसले. बाकीच्या दोन टेबलांवर वाडगे पालथे पडले होते. वाऱ्याने चॉपस्टिक घरंगळल्या तेवढाच काय तो तिकडून आवाज. खिएमने मांसाचा तुकडा आईच्या भातावर ठेवला. तिने ओळखलं, आता बोलणार.

"आई, पुढची तिथी आपण तिकडे करू."

"तिकडे कुठे?"

"आमच्या गल्लीत. अगं, अख्खी राच बान तिथेच आहे. भाड्याच्या खोल्यांची एक रांग, या टोकाला थुइ, मग नारळवाले, मग आम्ही. रात्रपाळी सुटली की सगळे ओट्यावर बसतात, असंच आपल्यासारखं बोलतात. मागे थुइच्या आईची तिथी झाली, गल्लीभर टेबलं लावली, तरी माणसं उभ्याने जेवली."

"तिची तिथी मी केली. इथे. तिच्या देव्हाऱ्यापुढे केळी ठेवली होती मी."

खिएम भाताकडे बघत राहिला. "त्यांनी तिकडे नवा वाडगा बसवला ना, आई. टेटच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आधीच. विधी करून आईला घेऊन गेले."

उदबत्त्या खोवायचा राखेचा वाडगा जिथे, तिथे मेलेला माणूस. हे तामकाकूला कुणी शिकवायला नको होतं.

"मग एवढे दिवस मी कुणाला उदबत्ती लावत होते?"

हाईकाकाने पेला खाली ठेवला.

"भडव्यांनो," ती म्हणाली, अगदी शांतपणे. "एक फोन करता आला नाही? सांगायचं, काकू, आता जाऊ नका, घर रिकामं आहे."

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"आणि तू? तू राहायला नाही आलास?"

"आई, राहून करू काय? खारं पाणी पिऊ?"

त्याचं खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. खोटं असतं तर कालथा फेकून मारला असता.

"बापाचा वाडगा न्यायला आलास तर!"

"तुलाही न्यायला आलोय. खोली लहान आहे, पण मधे पडदा लावू."

"तुझा बाप यायचा नाही. थडगं इथं आहे त्याचं, परसात. वाडीची हद्द ओलांडली की त्याला झोप लागत नसे."

"मग विचारू त्यांना."

"विचार! आत्ता विचार!" ती ताडकन उठली. "नाहीतर थांब, मीच विचारते. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

देव्हाऱ्याच्या खणात दोन जुनी नाणी होती, एकेका अंगाला चुना फासलेली. एक पांढरं आणि एक काळं पडलं तर मेलेल्याची संमती. दोन्ही सारखी पडली तर नकार, मग तीनदा विचारता येतं.

"ताम," हाईकाका म्हणाला, "उत्तर नको असेल तर विचारू नये गं."

"तू दारू पी."

तिने उदबत्ती लावली, नाणी कपाळाला लावली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, हा पोरगा तुम्हाला शहरात नेतो म्हणतोय. कारखान्याच्या गल्लीत, पत्र्याखाली. जाणार का? नीट विचार करून सांगा." आणि नाणी बशीत टाकली.

एक पांढरं पडलं. दुसरं बशीच्या कडेला गरगर फिरत राहिलं आणि काळं पडलं.

"परत," ती म्हणाली.

"होकाराला परत नसतं," हाईकाका हळूच म्हणाला. "तुला माहितीय."

तिला माहीत होतं. त्याला एकदा सुद्धा नको म्हणावंसं वाटलं नाही. नुसतं आढेवेढे घेण्यापुरतं, बायकोची लाज राखण्यापुरतं. पहिल्याच हाकेला उठला मेला.

लुआने तिचा हात धरला. "आई, बाबा येतायत, मग तुम्ही पण चला ना."

हे बोलणं तिला अक्षर न् अक्षर कळलं.

"मी अजून मेले नाही गं," ती म्हणाली, "नाण्यांनी ठरवायला. पडद्यामागे तुमचं बोलणं ऐकत पडायला मी यायची नाही. जा तुम्ही. उद्या पाळी असेल."

खिएमने पुष्कळ मनधरणी केली. हाईकाकाने केली नाही. त्याला ती चांगली ठाऊक होती.

वाडगा तिनेच काढला, तिनेच लाल फडक्यात बांधला आणि मागे बसलेल्या लुआच्या मांडीवर ठेवला. उरलेलं मांस, उंडे, सगळं पिशव्यांत भरून हँडलला अडकवलं. अख्ख्या गल्लीला पुरलं असतं. तसं ते गल्लीसाठीच शिजलं होतं, म्हणा ना.

"पूल आला की बापाला सांग. नाहीतर तो अलीकडेच राहील."

"सांगतो, आई."

"मोठ्याने सांग. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं त्याला."

खिएमने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. ती दारात उभी राहिली आणि मनात एकच घोकत राहिली: विसर रे, पोरा. एका पुलावर विसर. तुझ्या बापाला अलीकडे राहू दे.

कालव्याच्या टोकाला गाडी मंदावली. पाण्यावरून खिएमचा आवाज स्पष्ट आला, पार फाटेपर्यंत ओरडलेला.

"बाबा, पूल आलाय! चला!"

गुणी पोरगा. लहानपणापासून सांगितलेलं कधी विसरला नाही.

हाईकाका दारू न संपवताच गेला. उन्हं उतरली तशी ती सवयीने उठली. झुबक्यातून थुइची किल्ली काढून तिने बाजूला ठेवली. बाकीच्यांपैकी आणखी कोण कोण निघून गेलं होतं, हे तिला कोण सांगणार? होडी तिने सोडलीच नाही. पण हाताने तोवर स्वतःच्या देव्हाऱ्यापुढची उदबत्ती पेटवली होती. ती खोवायला गेली तर फळीवर वाडग्याचा नुसता गोल वळ उमटलेला, आजूबाजूला धूळ.

जळती उदबत्ती धरून ती परसात थडग्यापाशी गेली आणि तशीच उभी राहिली. राख तिच्या बोटांवर पडत होती. इतक्यात खांबावरचा कर्णा पुन्हा खरखरला आणि सकाळचीच गोड बाई सकाळचेच आकडे सांगू लागली, कुठून किती गेले, कुठे किती वाढले.

तामकाकूने मान वर केली.

"ए बाई," ती कर्ण्यावर ओरडली, "चुकलीस तू! माझा नवरा पण धर त्यात!"

कर्णा बोलतच राहिला. तिने उदबत्ती चिखलात रोवली, तिच्याभोवती हाताचा आडोसा केला आणि ती विझेपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहिली.