आठ पॉइंटची ओळ

चष्म्याची काच कोरड्या कापडाने पुसू नये. आधी पाण्याखाली धरावी.

पांढरी पाकिटं वरच्या कप्प्यात, निळी खालच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर खडूने काढलेली फुली. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली, आता रंगाने.

जाड निळ्या कागदावर शाई सुकायला एक दिवस जातो. घाई केली तर अंगठा उमटतो.

"पोस्टमन आमच्याकडे बाराच्या सुमाराला येतो, ताई. पत्रं तो खालचाच माणूस लावून ठेवतो. त्याला काही कळणार नाही ना?"

"काही नाही कळणार. आमच्या पाकिटावर काहीच नसतं. साधं पांढरं असतं."

हे शेवटचं बोलणं टेलिफोनवर झालं, सकाळी साडेदहाला. विचारणारी होती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहून कपडे शिवणारी एक बाई. उत्तर देणारी, संस्थेची वकील. आणि समोरच्या टेबलाशी तिकिटं चिकटवत बसलेले वकीलबाईंचे वडील. त्यांचा हात तिकिटासकट हवेतच राहिला.

कारण त्या बाईचं पाकीट काल त्यांनीच टाकलं होतं. आणि ते निळं होतं.

*

वडिलांना संस्थेत सगळे अब्बाच म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मशीन चालवलं. संस्थेला त्यांच्या मुलाचं नाव आहे. मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी एक अनोळखी माणूस दुकानात आला, पाटीवरचं नाव तुमचंच ना, असं विचारलं, मुलगा हो म्हणाला, आणि त्या माणसाने चाकू काढला.

तेव्हापासून अब्बा एकटे बसमध्ये चढलेले नाहीत. कुठेही बसताना आधी भिंत शोधतात.

संस्था म्हणजे दोन खोल्या आणि एक टेलिफोन. मुसलमान आहे म्हणून कुणाला कामावरून काढलं, कुणाच्या पोराला शाळेत मारलं, कुणाच्या दारात घाण टाकली की लोक फोन करतात. मुलगी ऐकते, लिहून घेते. मग टाईप केलेली नोंद त्या माणसाला टपालाने पाठवायची. त्याने वाचायची, आपलंच बोलणं आहे याची खात्री करायची, सही करून परत धाडायची. त्याशिवाय मुलगी पुढे पाऊल टाकत नाही. आणि हे पाकीट कायम पांढरं. आपण फोन केला हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून कितीतरी लोक जीव मुठीत धरून असतात.

निळी पाकिटं अब्बांनी स्वतः छापलेली. जुन्या मालकाच्या हातापाया पडून एक दिवस मशीन मागून घेतलं होतं. मुलाचं नाव छत्तीस पॉइंटाच्या मोठ्या टाइपात, ठळक. खाली आठ पॉइंटात एकच ओळ: यांच्या स्मरणार्थ, मुसलमानांविषयीच्या द्वेषाविरुद्ध मदत आणि सोबत.

"अब्बा, उलटं झालंय हे," मुलगी म्हणाली होती. "काम मोठं हवं, नाव छोटं. ही ओळ वाचायला भिंग लागेल."

"मग लाव भिंग. तुझ्या भावाचं दुकानच होतं भिंगांचं."

मुलगी हसली होती आणि पाकिटं खालच्या कप्प्यात गेली होती. सरकारी कचेऱ्यांसाठी, देणगीदारांसाठी. बाकी कुणाला नाही.

काल मुलाचा वाढदिवस होता. अब्बांना वाटलं, आज त्याचं नाव या खोलीबाहेर जाऊ दे. एकदाच. एकच.

*

नोंदीतून, बाईच्याच शब्दांत:

"सात तारखेला गिऱ्हाइकाचे कपडे वाळत होते, त्यावर काळं तेल. नऊ तारखेला दारावर फुली. चौदा तारखेला तो खालचा माणूस जिन्यात म्हणाला, तुझं मशीन बंद कर, नाहीतर एक दिवस मी तुलाच बंद करीन. हसत म्हणाला. तो कायम हसूनच बोलतो. माझी तक्रार गेली हे त्याला कळलं तर मला इथे राहता येणार नाही. दुसरीकडे जायला जागा नाही."

*

"जरा पाय मोकळे करून येतो," अब्बा म्हणाले.

"एकटे?" मुलीने मान वर केली.

"कोपऱ्यापर्यंत."

"चष्मा घ्या."

बसमध्ये भिंत नव्हती. मागची लांब सीट होती. तिथे ते पाठ टेकून बसले. सांगून टाकायला हवं होतं पोरीला. सांगितलं असतं तर तिने फोन लावला असता, त्या बाईला खाली जाऊन थांब म्हणाली असती, आणि बाईला पत्रांशी उभी पाहून तो माणूस काय म्हणाला असता? की हे आपण स्वतःलाच पटवतोय? लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. एवढंच.

पुढच्या स्टॉपवर एक तरुण चढला. खिशात हात. अब्बांनी त्याच्या खिशाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा खिशाकडे. तरुणाने रुमाल काढून नाक पुसलं.

साडेअकरा. अकरा पस्तीस. सिग्नल. अकरा बेचाळीस.

*

इमारतीचं दार लोटलेलं होतं. आत थंड बोळ, समोर जिना, डावीकडे टपालपेट्या. सगळ्यांची कुलपं मोडलेली. पेट्यांशेजारी लाकडी फळी, आणि फळीपाशी पाठमोरा एक माणूस. धुतलेला सदरा, सपाता, बोटात किल्ल्यांचा जुडगा. हातात पत्रांचा गठ्ठा.

पोस्टमन लवकर येऊन गेला होता.

"पहिला मजला... पहिला... दुसरा..." तो पुटपुटत पत्रं लावत होता. मग वळला आणि हसला. "या काका. कुणाकडे?"

गठ्ठ्यात खालून तिसरी, निळी कड.

"एक पत्र चुकून आलंय इथे," ते म्हणाले. "ते परत न्यायला आलो."

"चुकून? आमच्याकडे काही चुकत नाही हो. मी आहे ना!" त्याने गठ्ठा पंख्यासारखा उघडला. "कुठलं?"

"निळं."

त्याने निळं पाकीट ओढून काढलं, हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले. आणि मुलाचं नाव मोठ्याने वाचलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

चार वर्षांत ते नाव परक्या कुणी असं उच्चारलं नव्हतं. अब्बांची पाठ आपोआप भिंतीला लागली.

"तुमच्यातलाच दिसतोय," माणूस हसत म्हणाला. "कोण हा?"

"मुलगा. माझा."

"अस्सं. आणि पत्र कुणाला? तिसरा मजला. ती शिवणारी. वाटलंच मला." पाकीट जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. "खाली काय लिहिलंय हे? मुंग्यांसारखं. चष्मा राहिला बघा घरात. वाचा जरा तुम्ही."

त्याने पाकीट दिलं नाही. नुसतं पुढे धरलं, बोटांत घट्ट.

अब्बांनी चष्मा सारखा केला, आपल्याच हाताने जुळवलेल्या आठ पॉइंटच्या ओळीवर नजर ठेवली आणि वाचलं:

"चष्म्याचे दुकान. डोळे तपासून मिळतील."

"हात्तिच्या!" माणूस खदखदून हसला. "म्हणजे बाईला दिसत नाही होय! तरीच. मला वाटायचं, मुद्दामच बघत नाही माझ्याकडे."

तो अब्बा हसण्याची वाट बघत होता. अब्बा हसले. स्वतःचं हसणं त्यांना बोळात घुमलेलं ऐकू आलं.

"मग यात चुकलं काय?"

"आत नंबराचा कागद आहे. दुसऱ्याच कुणाचा नंबर यांच्या पाकिटात गेला. माझ्याच हातून. पाकिटं मी भरतो."

"म्हातारपण. पण असू दे की. मी देतो तिला वर नेऊन, सांगतो चुकलंय म्हणून. त्या निमित्ताने दार तरी उघडेल." अंगठा पाकिटाच्या चिकटलेल्या कडेखाली गेला. "बघू तरी किती आंधळी आहे."

"उघडू नका!" आवाज फार मोठा निघाला. अब्बांनी तो खाली आणला. "दुसऱ्या माणसाला आज काच बसवायचीय. हाच कागद हवा. चुकीची काच लागली तर डोळे जातील त्याचे."

माणूस थांबला. अंगठा तिथेच.

जिन्यावर पावलं वाजली. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई खाली येत होती; बाहीला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, हातात कपड्यांची पिशवी. माणसाला पाहताच ती दोन पायऱ्या वर थबकली. अब्बांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांना नाही.

"या, या बाई! तुमचा चष्मेवाला आलाय बघा."

बाईच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. कधी असल्याची खूणही नाकावर नव्हती. तिने अब्बांकडे पाहिलं, मग त्या निळ्या पाकिटाकडे. नाव छत्तीस पॉइंटात होतं. जिन्यावरूनही वाचता येत होतं. गेले दोन महिने ती त्याच नावाला फोन करत होती.

पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली.

"झाला का तयार?" ती म्हणाली.

"नाही, बेटा. चुकीचा कागद आला. नंबर पुन्हा काढावा लागेल."

"मग न्या तो परत. मला घाई नाही. अजून काम चालतंय."

माणसाने एकदा तिच्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं. मग पाकीट अब्बांच्या छातीवर थोपटल्यासारखं करून सोडलं. "घ्या. आणि मुलाला सांगा, माझेही डोळे तपास म्हणावं. चांगला आहे ना?"

"हात हलका आहे त्याचा."

"कधी असतो दुकानात?"

"दहा ते सात."

"येतो एकदा. कुठेशी आलं?"

अब्बांनी पत्ता सांगितला. खराच. तिथे आता बॅगा विकतात.

बाई शेवटच्या पायऱ्या उतरली, दोघांच्या मधून दाराकडे गेली. दारात वळली.

"चाचा," ती म्हणाली, "त्यांना माझा सलाम सांगा."

"सांगतो," अब्बा म्हणाले.

*

परत येताना पाकीट त्यांनी खिशात ठेवलं नाही. दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवलं, नाव खाली करून. आपण पोराला जिवंत केलं आणि दुकानात बसवलं, आणि आता तो हसरा माणूस त्याच्या वेळा विचारून गेला.

संस्थेत शिरले तेव्हा मुलगी टेलिफोनवर होती. "हो, आत्ताच आले," ती म्हणाली. "हो. सुखरूप." तिने फोन ठेवला.

"चूक झाली माझी," अब्बा म्हणाले.

"बाईचा फोन होता. बाहेरून केला. विचारत होती, तुमचे वडील नीट पोचले का." मुलगी म्हणाली. "तुम्हाला काही झालं असतं तर? तिला काही झालं असतं तर? तुम्हाला मला सांगता येत नाही?"

अब्बांनी निळं पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्या माणसाला दुकानाचा पत्ता दिल्याचं सांगितलं.

"तो दुकान शोधत गेला म्हणजे?"

"बॅगवाल्याला सांगून ठेवू. आणि त्या पोरीसाठी जागा बघ. लवकर."

मुलीने डायरी ओढली. अब्बांनी वरच्या कप्प्यातून पांढरं पाकीट काढलं. मग पुन्हा आत ठेवलं. तिथे आता पत्र पाठवायचं नव्हतं. उरलेली निळी पाकिटं सुतळीने बांधली, नावाची बाजू आत वळवून. गाठ त्यांना जमेना. मुलीने उठून गाठीवर बोट धरलं, तेव्हा बसली.

"बसमध्ये कुठे बसलात?" तिने बोट न काढता विचारलं.

"मागे."

चार वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या दिवशी, मुलाने दुकान साडेनऊलाच उघडलं होतं. एका ड्रायव्हरचा चष्मा तुटला होता, आणि त्याला दहाच्या आत गाडी काढायची होती.