गुहेतली मोजणी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून बोटीने दोन तास गेलं की हे बेट लागतं. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. भूमध्य समुद्रातल्या बेटांसारखंच हवामान. राखी पानांची सुगंधी झुडपं थेट कड्याच्या टोकापर्यंत आलेली, आणि कड्याखाली लाटांनी पोखरलेल्या गुहा. त्यातल्या एका गुहेत सुनेत्रा दर जानेवारीत ओहोटीच्या वेळी खडकाला टोपीसारखे चिकटलेले शंख मोजायची.

यंदा मदतीला अदिती होती. मैत्रिणीची मुलगी, जन्म इथलाच, कॉलेजात शिकणारी. पद्धत साधी. सुनेत्राने आत खडकावर एकेका जागी चौकट ठेवून तिच्यात मावलेल्या शंखांचा आकडा सांगायचा, अदितीने गुहेच्या तोंडाशी तो मोठ्याने परत म्हणायचा आणि वहीत लिहायचा. आकडे मराठीत, ही अदितीच्या आईची अट.

“एकोणपन्नास.”

“फॉर्टी-नाइन?”

“मराठीत.”

“मावशी, मराठी आकड्यांना लॉजिकच नाहीये, यार.”

“लिही मुकाट्याने. आणि पाणी चढायला लागलं की लगेच हाक मार. अडीचनंतर मला इथून बाहेर पडता येणार नाही.”

एकतिसाव्या चौकटीनंतर गुहा वळते. तिथून गुहेचं तोंड दिसत नाही. सुनेत्राने डोक्यावरचा दिवा लावला.

“त्रेचाळीस,” ती ओरडली.

“त्रेचाळीस.”

“अडुसष्ट.”

“अडुसष्ट.”

एकही आकडा अडखळला नाही. पोरगी शिकली म्हणायची, असं वाटून तिला बरं वाटलं. हाक आली नव्हती, म्हणजे वेळ होता. घड्याळ बघायला ओला हातमोजा काढावा लागला असता. तिने काढला नाही.

सत्तेचाळिसाव्या चौकटीतले शंख तिने मनातल्या मनात मोजले. शेवटच्यावर बोट टेकवलं. आकडा सांगायला तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

“एकोणसाठ,” आवाज आला.

शंख एकोणसाठच होते.

ती हलली नाही. आवाज गुहेच्या तोंडाकडून आला नव्हता. तो तिच्या पुढून, दिव्याचा उजेड पोचत नव्हता तिथून आला होता. मग बुटात शिरलेलं पाणी तिला जाणवलं.

चौकट तिथेच टाकून ती मागे फिरली. वळणावर पाणी कमरेला लागलं, गुहेच्या तोंडाशी छातीला. एका लाटेने तिला खडकावर आपटलं. अदितीने वरच्या खडकावरून वाकून तिच्या सॅकचा पट्टा धरला आणि ओढून घेतलं.

“वीस मिनिटं ओरडतेय मी.” अदितीचा घसा बसला होता. “एकतीस झाले, लाट आली, मी वर आले. का नाही निघालीस?”

“ऐकू नाही आलं.”

“ऐकू कसं नाही आलं? प्रत्येक वेळी ‘आले, आले’ म्हणत होतीस. म्हणून तर थांबले. नाहीतर रेंजरला कॉल केला असता.”

वळणानंतर सुनेत्राने आकड्यांपलीकडे एक शब्दही उच्चारला नव्हता. तिने वही मागून घेतली. एकतीस ओळी भरलेल्या, पुढे कोरं. राहिलेले आकडे तिला पाठ होते, बहुधा बरोबरही होते. तिने त्या कोऱ्या ओळींवर आडवी रेघ मारली.

बोटीकडे जाणारी वाट अरुंद होती. सुनेत्रा पुढे, अदिती मागे.

“मावशी, थंडी वाजतेय का?”

सुनेत्रा थांबली. वळून तिने अदितीच्या ओठांकडे पाहिलं.

“परत विचार,” ती म्हणाली.