डाव्या टोकाची मीठदाणी

मित्रांनो, मी काचेची एक साधी मीठदाणी. डोक्यावर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण. पोटात मिठाबरोबर तांदळाचे चार दाणे असत, म्हणजे मिठाचा गोळा होत नसे. तुम्ही म्हणाल, मीठदाणीला कसलं आलंय आयुष्य! पण नेब्रास्कातल्या आमच्या गावात कित्येक वर्षं मी डावा टॅकल होते, आणि ते पद काही कुणालाही मिळत नाही.

जन्म माझा काचेच्या कारखान्यात झाला. आम्ही बहिणी एका खोक्यात बसून निघालो आणि कोण कुठे गेलं ते पुन्हा कळलं नाही. मी आणि मिरपुडीची माझी जुळी, दोघी मार्लिसबाईंच्या खाणावळीत आलो. धान्याच्या कोठाराला लागून ती खाणावळ होती. सकाळी अंड्यांवर, दुपारी बटाट्यांवर मला हलवत. कुणी कौतुक करत नसे. मीठ कमी पडलं तरच लोकांना माझी आठवण होई.

खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी चार म्हातारे बसत. एल्डन क्राउझे कोठारावर वजनकाट्याशी उभा राहून निवृत्त झालेला, डुएन स्वोबोडा गावचा जुना प्लंबर. लायल टपाल वाटायचा आणि व्हर्नची मक्याची शेती होती. वर्षभर ते पावसावर आणि गुडघ्यांवर बोलत. ऑगस्ट उजाडला, की गावच्या कॉलेजचा फुटबॉलचा सराव सुरू होई आणि चौघांच्या अंगात वारं शिरे. सामने सुरू व्हायला अवकाश असे. कुणालाच काही माहीत नसे, म्हणूनच सगळे छातीठोकपणे बोलत.

आमच्या फुटबॉलमध्ये पाच धिप्पाड पोरं पुढे ओळीने उभी राहतात आणि मागच्या चेंडू फेकणाऱ्याला वाचवतात. त्यांच्या नावाने कुणी टाळ्या वाजवत नाही. नाव निघतं ते एखादा चुकला तरच. चेंडू फेकताना त्या गड्याची पाठ डावीकडे होते, त्याला तिकडचं दिसत नाही. म्हणून डाव्या टोकाला सगळ्यात भरवशाचा माणूस लागतो, त्यालाच डावा टॅकल म्हणतात, आणि टेबलावर संघ मांडताना एल्डन दरवर्षी तिथे मला ठेवायचा. माझ्या शेजारी मिरपूड, मधोमध साखरेची बरणी, पलीकडे टोमॅटोचा सॉस आणि मोहरी. ही झाली पहिली फळी. दुधाच्या चिमुकल्या डब्या मागे मांडत. ती राखीव फळी, आणि खरं रण तिथेच माजे.

"पहिले पाच माझी बायकोही सांगेल," व्हर्न म्हणायचा. "मागे कोण आहे ते बोला!"

"मागे दूध आहे," लायल म्हणायचा. "तेही नासलेलं."

मग टेबलावर मुठी आपटत. मी हादरायचे, पण जागा सोडायचे नाही. एल्डन मला नीट सरकवून म्हणायचा, "हिला हात लावू नका. ही बाजू पक्की आहे." मित्रांनो, त्या शब्दांनी माझं पोट मिठाशिवायच भरत असे.

पण म्हाताऱ्यांच्या टेबलाला राखीव फळी नसते. लायल मुलीकडे ॲरिझोनाला गेला. पुढच्या थंडीत व्हर्न वारला. उरले दोघे. तरी ऑगस्ट आला आणि एल्डनने ओळ मांडली. डुएनने माझ्या मागे एकच डबी ठेवली आणि तीही बोटाने आडवी केली.

"डावीकडे ओडेगार्ड आहे, कबूल. पण त्याचा गुडघा गेला की आपला हंगाम गेला. मागे कोणी नाही."

"ह्रुस्का आहे की," एल्डन म्हणाला.

"ह्रुस्का? लेका, तो वाऱ्याने उडेल! त्याच्या खिशात दगड भरून उभा करावा लागेल."

"गुरं राखणाऱ्याचा पोरगा आहे तो. रेटायला शिकलाय. तुला काय कळतंय? कॉलेजात चार वर्षं बाकडं उबवलंस तू."

एल्डनने हे नेहमीसारखं हसतच म्हटलं होतं. पण डुएनला ते झोंबलं. व्हर्न असता तर मध्येच काहीतरी बोलून त्याने भांडणातली हवा काढून घेतली असती. आता मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"आणि तुला माणसांची मोठी पारख!" डुएन म्हणाला. "स्वतःच्या पोराची झाली नाही ती. केंट डेन्व्हरला गेला तो परत फिरकला तरी का?"

एल्डनचा चेहरा उतरला. त्याने टोपी डोक्यावर घातली. आडवी डबी उभी केली, मार्लिसबाईंना मान हलवून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

"येईल उद्या," डुएन म्हणाला. "जातो कुठे?"

एल्डन दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आमच्याकडे कुणी तोंडाने माफी मागत नाही. चूक झाली, तर थंडीत पहाटे उठून समोरच्याच्या दारातला बर्फ गुपचूप काढायचा. तो खिडकीतून बघतो, तुम्ही वर बघत नाही, आणि प्रकरण मिटतं. चांगली रीत आहे. पण ऑगस्टमध्ये, मका डोक्याइतका उंच आणि डांबर वितळतंय अशा उन्हात, डुएन कुठला बर्फ काढणार होता? त्याने एकदा गाडी एल्डनच्या घरावरून नेली म्हणे. गुपचूप कापून द्यावं, तर गवतही कापलेलंच होतं.

"फोन कर की त्याला," मार्लिसबाई म्हणाल्या.

"त्याने करावा. उठून तो गेला."

"आणि बोललं कोण?"

डुएनने कॉफीचा कप बाजूला सारला. मग त्याने एकट्यानेच ओळ मांडली. मला डावीकडे ठेवलं, माझ्या मागे डबी ठेवली. "ह्रुस्का काही टिकत नाही," तो हळूच म्हणाला आणि उत्तराची वाट बघितली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून उत्तर येणार कसं? तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की वादात हरण्याहून वाईट गोष्ट म्हणजे वाद घालायलाच कोणी नसणं.

त्याच आठवड्यात मार्लिसबाईंनी टेबलांवर मिठा-मिरपुडीच्या कागदी पुड्या आणल्या. सगळ्या मीठदाण्या खोक्यात गेल्या. माझी जुळी तळाशी गेली, तिची-माझी सोबत तिथेच संपली. मला मात्र डुएनने उचललं.

"ही मी नेतो."

"डॉक्टरने तुला मीठ बंद केलंय ना?"

"खायला कोण नेतंय?"

अशी मी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आले. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला भिंतीवरचा फोन. त्याची बायको आर्लीन जाऊन बरीच वर्षं झाली होती. डुएन उभ्यानेच जेवायचा, ताट धुवायचा आणि दिवा घालवायचा. तांदळाचे दाणे असूनही पोटातलं मीठ दगडासारखं घट्ट झालं, तरी मला कुणी हलवलं नाही. फार एकटं वाटायचं, मित्रांनो. त्यालाही वाटत असणार. त्या घरात आम्ही दोघं होतो आणि बोलणारं कोणी नव्हतं.

पहिल्या सामन्याच्या शनिवारी डुएनने दुपारीच रेडिओ लावला. दुसऱ्या सत्रात ओडेगार्डचा गुडघा मुरगळला आणि त्याला धरून बाहेर नेलं. डुएन मटकन खुर्चीत बसला. आत आला ह्रुस्का.

पहिल्याच रेट्यात तो मागे ढकलला गेला. दुसऱ्या वेळी उभा राहिला. पुढे समालोचकाने त्याचं नावच घेतलं नाही, आणि त्या जागेवरच्या पोराचं नाव न निघणं यासारखी दुसरी शाबासकी नाही. आमची पोरं रेटत रेटत मैदानाच्या टोकाला पोचली. डुएन ताडकन उठला.

"एल्डन! बघितलंस का, तुझा तो—"

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. हात वर उचललेलाच राहिला. मग त्याने तो हळूहळू खाली घेतला.

त्याने फोन उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला. या वेळी नंबर फिरवला.

"हं," पलीकडून आवाज आला. त्याच्या मागे तोच समालोचक बोलत होता.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"टिकला ह्रुस्का."

"टिकला."

इथवर सोपं होतं. इथे थांबलं असतं तरी गावच्या रीतीत बसलं असतं. पण डुएनने फोनची वायर बोटाला गुंडाळली आणि डोळे मिटले.

"एल्डन, केंटबद्दल मी बोललो ते... ते बोलायला नको होतं. चुकलं माझं."

पलीकडे एल्डनने रेडिओ बारीक केला.

"त्याचा फोन येत नाही, डुएन," एल्डन म्हणाला. "वाजला तेव्हा मला वाटलं, तोच असेल."

डुएनने बोटाची वायर सोडवली. "मी येऊ तिकडे?"

"ये. कॉफी ठेवतो. पण ओळीच्या उजव्या बाजूबद्दल मला बोलायचंय. तिथे मागे कोणीही नाही."

"काय बोलतोस! तिथे दोघं आहेत!"

"ये तर खरा."

मित्रांनो, काच फुटली तर दुसरी मिळते. मीठदाणीला जपलं नाहीत तरी चालेल. पण समोर बसून तुमचं म्हणणं खोडून काढणारा माणूस मिळाला असेल, तर त्याला जपा. त्याच्याशी खुशाल भांडा, मात्र त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवू नका. आणि ठेवलंच गेलं, तर तोंडाने सांगा. सोयीचा ऋतू यायची वाट बघू नका.

डुएनने टोपी घेतली आणि रेडिओ बंद केला. सामना अर्धा बाकी होता. आयुष्यात त्याने असं कधी केलं नव्हतं. मी खिडकीतून त्याची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. तो सामना कोणी जिंकला, हे मला अजूनही ठाऊक नाही.