बरुआसागरचा भरता

“हुंगून बघ,” रघुनाथ म्हणाला आणि त्याने मातीने भरलेलं आल्याचं कांडं सुहासिनीच्या नाकाशी धरलं.

बाजारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आल्याचे ढीग होते. थंडीचं कोवळं ऊन होतं. एक बाई टोपल्यात आलं घालून त्यावर पाणी ओतत होती आणि लाल पाणी वाहत रस्त्यावर येत होतं.

“छान आहे. घ्यायचं का?”

“नको. कोण खाणार?” असं म्हणून त्याने ते ढिगात परत ठेवलं.

जीभ डावीकडे जड झाल्यापासून त्याचे ‘ल’ आणि ‘र’ उमटत नव्हते. महिनाभर सुहासिनी त्याचे शब्द अंदाजाने ओळखत होती. झाशीहून बरुआसागर जेमतेम तासाभराचं, पण संसाराच्या एकतीस वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. रघुनाथ मात्र लग्नाआधी मित्रांबरोबर सायकलवर यायचा. तलाव, वरचा किल्ला आणि तलावाकाठी मिळणारं गक्कड़-भरता, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. “तुला एकदा नेतो,” असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. आज मंगळवार होता. गुरुवारी ग्वाल्हेरच्या इस्पितळात त्याची जीभ काढायची होती.

“थोडी राखता आली तर राखू,” असं डॉक्टर आधी म्हणायचे. मागच्या खेपेला तेही म्हणाले नाहीत. कॅन्सरची गाठ मानेत उतरली होती. ऑपरेशन करूनही फार तर वर्षभर, असं त्यांनी मुलाला, निशांतला, बाजूला घेऊन सांगितलं आणि निशांतने नोएडाला परतताना आईला. रघुनाथला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं, म्हणजे त्याला कळलं होतं.

तो पाणीपुरवठा खात्यात मीटर बघायच्या कामावर होता. एकोणतीस वर्षं त्याने मानिक चौक, बड़ा बाज़ार आणि मागच्या गल्ल्या पायी तुडवल्या. घराण्यात पूर्वी देवळाची पूजा होती, म्हणून लोक ‘पंडितजी’ म्हणायचे, ओट्यावर बसवून चहा पाजायचे आणि तो तासभर गप्पा मारायचा. गालात सुरती, म्हणजे चुना लावलेली तंबाखू, असायचीच. सुहासिनीने लग्नानंतर चार-पाच वर्षं त्यावरून भांडून पाहिलं, मग सोडून दिलं. सोडून द्यायला नको होतं, हे आता तिला रोज पहाटे जाग आली की वाटायचं.

बाजार ओलांडून दोघं तलावाच्या बांधावर आली. पाणी लांबवर पसरलं होतं. मधेच पाणकोंबड्या तरंगत होत्या. वर टेकडीवर किल्ला उन्हात पिवळा दिसत होता.

“सुंदर आहे हो,” ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं, आणि लगेच कसंसंच झालं.

पायरीवर टेकल्यावर तिने पिशवीतून फोन काढला. “निशांत म्हणत होता, तुमचा आवाज भरून ठेवावा. थोडंसं काही बोला.”

रघुनाथ हसला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, त्यामुळे हसूही अर्धंच आलं. “कुठल्या भाषेत बोलू?”

निशांतला मराठी कळायची, पण बोलायचा तो हिंदीच. सासूबाई गेल्यापासून घरात मराठी बोलणारी ही दोघंच उरली होती. गुरुवारनंतर आपण कोणाशी बोलायचं, हा विचार गेले काही दिवस तिच्या मनात येत होता. माणूस मरणाच्या दारात आणि आपल्याला आपल्या बोलण्याची पडली आहे, म्हणून ती स्वतःवरच चिडायची.

“तुम्हाला येईल तसं बोला,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा बसलाय. डावीकडे फिरवला की बंद होतो.” परत थांबला. “निशांत, बेटा…” पुढचं काहीच समजलं नाही. “बंद कर,” तो हाताने खुणावत म्हणाला. “मी घरी असा बोलत होतो का? हा आवाज कशाला ठेवता?”

तिने बंद केलं.

गक्कड़ भाजणारी म्हातारी बांधाच्या टोकाला चिंचेखाली बसायची. सगळे तिला कक्को, म्हणजे काकू, म्हणायचे. तिने रघुनाथला ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं केलं. “आओ भैया, बैठो. भौजी को भी लाए हौ?”

पानांच्या द्रोणात भरता आला. वर कच्चं तेल, लसूण आणि हिरवी मिरची होती. तुपात बुडवलेले दोन-दोन गक्कड़ होते. रघुनाथने गक्कड़ कुस्करून अगदी लहान घास केला, बोटाने दातांमधून आत सारला आणि डोळे मिटले. सुहासिनी बघत होती.

क्षणभरच. मग त्याचं सगळं अंग आखडलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो उठून झाडामागे गेला, आणि थुंकल्याचा आवाज तिने ऐकला. थोडं रक्तही पडलं असणार, कारण परत आला तेव्हा त्याने रुमाल मुठीत लपवला होता.

“मिर्ची जादा हो गई का?” कक्कोने घाबरून विचारलं. “दूसरो बनाए देत हैं, बिना मिर्ची को.”

“नहीं अम्मा, अच्छा है,” सुहासिनी म्हणाली.

रघुनाथने आपला द्रोण तिच्यापुढे सरकवला. “तू खा.”

“मला नाही जाणार हो.”

“खा. मी बघतो.”

तिने खायला सुरुवात केली.

“वांगं कसं भाजलंय?”

“नीट भाजलंय. धुराचा वास आहे.”

“लसूण?”

“भरपूर.”

“गक्कड़ आतून कच्चं नाही ना?”

“नाही. खुसखुशीत आहे.”

तो मान डोलावत होता. ती एकेक चव सांगत राहिली. त्याने विचारायचं थांबवल्यावरही ती सांगत होती. दोन्ही द्रोण तिने पुसून संपवले. कक्को कौतुकाने म्हणाली, “भौजी खूब भूखी हतीं!”

तीनच्या बसला गर्दी होती. कशीबशी दोन जागांची एक सीट मिळाली. सुहासिनी खिडकीशी बसली, रघुनाथ वाटेच्या बाजूला. गाव मागे पडल्यावर कंडक्टर आला.

“कहाँ जाना है, चाचा?”

रघुनाथने सांगितलं. मिरचीने जीभ सुजली होती.

“क्या? साफ बोलिए.”

त्याने पुन्हा सांगितलं. नुसता घोगरा आवाज निघाला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघायला लागली. एका बाईने आपलं मूल जवळ ओढून घेतलं.

“दो झाँसी,” सुहासिनी म्हणाली.

कंडक्टरने तिकिटं फाडून तिच्या हातात दिली. “चाचा को उल्टी-वुल्टी तो नहीं होगी?” त्याने तिलाच विचारलं. रघुनाथकडे त्याने बघितलंही नाही.

“नहीं, भैया.”

कंडक्टर पुढे गेला. रघुनाथने रुमालाने ओठ टिपले. मग तो उठून उभा राहिला आणि तिला बाहेरच्या बाजूला सरकायची खूण केली. बस हिसके देत होती. तिच्या खांद्याचा आधार घेत तो आत गेला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मांडीवर पिशवी घेऊन ती वाटेच्या बाजूला बसली.