सायकलीवर ज्याचे पोट

नियम नारायणराव वकिलांनी नांदुरा स्टेशनासमोर मोटारीच्या पायदानावर उभे राहून वाचून दाखवला. नारायणराव बुलढाण्याचे, शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. ही शर्यत हौशी लोकांची आहे, सायकलीवर ज्याचे पोट आहे त्याला तीत भाग घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. नागपूरच्या मोठ्या शर्यतीला हाच नियम होता. इथला पहिला आलेला तिकडे जाणार, म्हणून तो इथेही लावायचा होता. मग ते खाली उतरून रांगेतल्या एकेकाला विचारत निघाले.

रांगेच्या शेवटी इंद्रभान उभा होता. तो मॅट्रिकच्या वर्गात होता आणि रोज पॅसेंजरने मलकापूरला शाळेत जाई. बाप पुंजाजी कापसाच्या जिनात कामाला. हंगाम सरला की जिनही बंद आणि पुंजाजीही घरी. महिन्यापूर्वी नारायणरावांनी जाहीर केले होते की पहिला येणारा मॅट्रिक झाला, तर नागपूरच्या एका बोर्डिंगात त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय ते स्वतः करतील. इंद्रभानला कॉलेजात जायचे होते आणि दुसरी कोणती वाट त्याला दिसत नव्हती. घाटात त्याला मागे टाकील असा एकच माणूस होता आणि तो त्याच्या शेजारीच उभा होता.

तो फारुख. फकीर मोहम्मद यांच्या सायकल दुकानातला, त्यांचा थोरला. चौथीपर्यंत दोघे एका बाकावर होते.

"तुझं पोट सायकलीवर आहे का?" नारायणरावांनी फारुखला विचारले.

"हाव साहेब," फारुख हसत म्हणाला. "माह्यंच काय, आमच्या साऱ्या घराचं हाय. अब्बाचं दुकान हाय ना."

"मजुरी घेतोस?"

"बापापासून कोन मजुरी घेते? भाकर भेटते. दोन टाइम."

मंडळी हसली. नारायणरावही हसले. "मग तू बाजूला हो."

"बाजूले? काऊन?"

"नियम ऐकलास ना? तू धंदेवाईक ठरतोस."

फारुखला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने मंडळींच्या तोंडांकडे पाहिले. "साहेब, मी पंक्चर काढतो. पंक्चर काढल्यानं पाय जोरात चालते काय?"

नारायणराव इंद्रभानकडे वळले.

"आणि तू?"

"मी शिकतो साहेब. मॅट्रिकले हाय."

"शिकतोस ते छान. पण सायकलीवर काही कमाई?"

कमाई होती. मोताळ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मुंबईच्या कापसाचा भाव तारेने नांदुऱ्याला येई आणि मोताळ्याचे अडते उकंडराव यांच्यासाठी तो इंद्रभान घेऊन जाई. कागदावर काही लिहायचे नाही, अशी उकंडरावांची ताकीद होती. कागद कुणीही वाचतो. भाव तोंडातच न्यायचा आणि त्यांच्या कानात सांगायचा. बाकीच्या अडत्यांना कळायच्या आत उकंडरावांची खरेदी सुरू झालेली असे. त्या दिवशी शाळा बुडे. बुडालेला अभ्यास इंद्रभान वाटेवर करी: भाव एकदा म्हणायचा, मग भूमितीचा एक सिद्धांत, मग पुन्हा भाव. असे तीन हंगाम झाले होते. उकंडराव प्रत्येक खेपेचे रोख देत. त्यातून शाळेची फी आणि मॅट्रिकच्या फॉर्मचे पैसे निघाले होते. आज त्याच्या पायांत जो दम होता, तोही त्याच रस्त्यावर आलेला होता.

नांदुऱ्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बुलढाण्याच्या मंडळींना नव्हती.

इंद्रभान बोलायला वेळ लावतो आहे असे पाहून फारुखच मधे बोलला. "ह्याले कोन पैसे देते साहेब? ह्याचं सारं ध्यान पुस्तकात. त्या दिवशी भूमिती घोकता घोकता सायकल घेऊन नाल्यात गेला. मास्तरनं पुसलं तं म्हने, त्रिकोन चुकला."

पुन्हा सगळे हसले.

"नाही ना रे काही?" नारायणरावांनी विचारले.

"नाही," इंद्रभान म्हणाला.

नारायणरावांनी त्याची पाठ थोपटली.

मोटार पुढे जाऊन उभी राहिली तसा फारुखने त्याला कोपराने ढोसले. "काय बे, तोंड शिवलं होतं काय? उकंडरावचा भाव हाय का तोंडात?" मग आपली सायकल त्याच्या हातात दिली. मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळे काढून टाकलेली, आठ दिवस खपून हलकी केलेली ती सायकल होती. "हे ने. तुह्यं डबडं घाटात जीव घेईन तुह्या."

"राहू दे, फारुख."

"मंग मी हे घेऊन काय करू आता? बजारात जाऊ मिरच्या आनाले?" त्याने खिशातून पाना काढला आणि इंद्रभानच्या उंचीला जुळावी म्हणून सीट खाली घेऊ लागला. मंडळींपैकी एकाने दुसऱ्याला तो पाना दाखवला. "पाहा, म्हटलं नव्हतं?" फारुखने ऐकले, पण नट आवळूनच मान वर केली.

शर्यत सुटली. वाट नांदुरा ते मोताळा आणि तिथून घाट चढून बुलढाणा, अशी होती. मोताळ्यापर्यंतचा रस्ता इंद्रभानच्या अंगवळणी पडलेला होता. वाळू कुठे साचते, बैलगाड्यांच्या चाकोरीतून सायकल कुठे काढायची, हे त्याला पाहावे लागत नव्हते. निम्म्या वाटेतच तो पुढे निघाला. मलकापूरचा एक ओव्हरसियरचा मुलगा तेवढा मागे टिकून होता. त्यांच्या मागे धूळ उडवीत नारायणरावांची मोटार.

मोताळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. बाजाराच्या दिवशी इंद्रभान मिटल्या तोंडाने गावात शिरायचा आणि हमाल, शेतकरी, चहावाले त्याच्याकडून भाव काढून घ्यायला काहीतरी बोलून पाहायचे. ती तिथली जुनी मस्करी होती. आज बाजार नव्हता, पण माणसे तीच होती.

"आला बे आला, भाववाला आला."

"इंद्रभान, चढला का पडला, एवढं तं सांग."

"नाही सांगत तो. उकंडरावनं पैसे देल्ले त्याले, तोंड बंद ठेवाचे."

सगळे खुशीत हसत होते, टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने हातातल्या दोन संत्र्यांपैकी एक त्याच्या अंगावर फेकले, तेही कौतुकानेच. इंद्रभानने वर पाहिले नाही. गाव संपताना मात्र त्याने मान वळवली. मोटार थांबली होती. उकंडराव हार घेऊन तिच्यापाशी गेले होते आणि खिडकीत वाकून नारायणरावांशी बोलत होते. बोलताना त्यांनी हात लांब करून रस्त्याकडे, इंद्रभानकडे दाखवले.

त्यांना वाईट काही सांगायचे नव्हते, हे इंद्रभानला कळत होते. ते अभिमानाने सांगत असणार. हा आमचा पोरगा, बाजाराच्या दिवशी मुंबईचा भाव हाच आनते.

घाट लागला. सागाच्या झाडांखालून रस्ता वळणे घेत वर जात होता. दुसऱ्या वळणावर मोटार मागून आली, त्याच्या बरोबरीने काही वेळ चालली आणि पुढे निघून गेली. नारायणराव खिडकीशी होते. त्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. इंद्रभानच्या मनात आले, मागच्या पोराला पुढे जाऊ द्यावे. दुसरा आला तर कोणी काही विचारणार नाही, खोटे तिथेच मिटेल. त्याने पाय ढिले सोडले. मलकापूरचा पोरगा जवळ आला, त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. मग पुढचे दिसले: जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागेल, तो पास होईल, आणि उकंडरावांच्या दुकानात पोती मोजायला बसेल. तो सीटवरून उठून उभ्याने पायडल मारू लागला. सायकल हलकी होती. वरच्या पठारावर पोचला तेव्हा मागे कोणी नव्हते.

बुलढाण्यात मैदानावर मांडव होता. त्याच्या गळ्यात हार पडला, कप मिळाला. फोटो काढून झाल्यावर नारायणरावांनी त्याला मांडवामागे नेले. कप परत द्यावा लागेल असे समजून त्याने तो पुढे केला.

"हे काय?"

"साहेब, उकंडरावकाकानं..."

"सांगितलं त्यांनी मला." नारायणराव थोडे हसले. "सकाळीच बोलायचं होतंस. खोटं बोललास ते वाईट केलंस. पण घाबरू नकोस. मंडळींशी बोललो आहे मी. तू विद्यार्थी आहेस, फीसाठी केलंस. त्याला कोणी धंदा म्हणत नाही."

इंद्रभानने पुढे केलेला कप मागे घेतला.

"नागपूरला मी आजच लिहितो. फक्त ते भाव नेणं आता बंद कर. अभ्यासाकडे बघ."

"साहेब, फारुख..."

"कोण फारुख?"

"सकाळी ज्याले बाजूले काढलं तो. त्याले तं मजुरी बी भेटत नाही. मीच..."

"त्याचं वेगळं आहे," नारायणराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "तो जन्मभर तेच करणार. तू करणार नाहीस. नियम अशांसाठी असतो." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "का? तुझी काही हरकत आहे?"

आवाज रागाचा नव्हता. ते खरोखरच विचारत होते. उत्तर द्यायला इंद्रभानला पुरेसा वेळ होता. मांडवात कोणीतरी भाषण करत होते. हरकत आहे एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हटले तर कप जाईल, बोर्डिंग जाईल, आणि फारुखला त्याने काही मिळणार नाही, असा हिशेब त्याने मनात मांडला. हिशेब बरोबर होता. तो मांडत असतानाच त्याला स्वतःची किळस आली.

"नाही साहेब," तो म्हणाला.

"शहाणा आहेस," नारायणराव म्हणाले आणि मांडवात गेले.

तो दुपारी घाट उतरून निघाला. मोताळ्यात थांबला नाही. दिवस कलताना नांदुऱ्याला पोचला तेव्हा फारुख दुकानापुढे ट्यूब पाण्यात धरून बसला होता. हार पाहताच त्याने ट्यूब टाकून दिली आणि समोरच्या चहावाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले.

"घाटात कशी चालली? खरं सांग."

"चांगली चालली."

"चालनारच ना. कोनाची हाय?" फारुखने बक्षिसाचा कप हातात घेऊन आत फुंकर मारली. मग आवाज खाली आणला. "अन् तिथं पुसलं काय काही? भावाचं?"

इंद्रभानने सायकल भिंतीला टेकवली. ती नीट उभी राहिली होती, तरी त्याने हँडल पुन्हा सरळ केले.

"नाही," तो म्हणाला. "कोनाले काही समजलं नाही."

फारुख मांडीवर थाप मारून हसला. "घे. येवढा मोठा वकील, अन् त्याले फसवलं आपुन." चहा आला. त्याने एक कप इंद्रभानपुढे सरकवला आणि आपला हातात घेतला. "म्हंजे मीच येडा, यार. तोंड उघडलं अन् हाव म्हनून बसलो. नाही म्हनलो असतो तं आज मीही घाटात असतो. हाय का नाही?"

तो उत्तराची वाट पाहत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, स्वतःवरचा थोडा वैताग होता, आणि तो वैताग हसण्यावारी न्यायला त्याला एका माणसाची सोबत हवी होती.

"हाव," इंद्रभान म्हणाला. "तूच येडा."

फारुख पुन्हा हसला. इंद्रभानही हसला आणि चहा प्यायला.