गावातला रिपब्लिकन

योगीराज आला त्या दिवसापासून परमेश्वर आप्पाच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्याला जिंतूरच्या मेडिकलात गोळी नव्हती.

आप्पा म्हणजे गावाचा पेपर. पंचवीस-तीस वर्षं दत्ताच्या हॉटेलात एकाच खुर्चीवर बसून तो मोठ्यानं पेपर वाचायचा. नुसता वाचायचा नाही, वर आपलंही चिकटवायचा. आमदार का पडला, कापसाचा भाव का बसला, हे सांगणारे गावात आणखी दोघं-तिघं होते. पण अमेरिका आप्पाची एकट्याची. तिथं कोण निवडून येणार, कुणाची खुर्ची हलायली, तिथल्या पोलिसांचं काय चुकतंय, सगळं आप्पा सांगायचा आणि गाव माना हलवायचं. खोटं पाडायला अमेरिका बघितलेला माणूस होता कुठं गावात?

मग तो आला. योगीराज, आप्पाच्या भावकीतला. परभणीत शिकून पुण्याला गेला, पुण्याहून टेक्सासला, आणि तिथंच घर बांधून तिथलाच नागरिक होऊन बसला. आईच्या वर्षश्राद्धाला महिनाभर सुट्टी काढून जानेवारीत गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी दत्ताच्या हॉटेलात येऊन बसला. बसायचा बाकड्यावर. खुर्चीकडं बघायचा पण नाही. हेच आप्पाला जास्त लागलं. खुर्चीवर बसला असता तर भांडता तरी आलं असतं.

लोक विचारायचे, योगीराज सांगायचा. आप्पाच्या हातातला पेपर तसाच उघडा राहायचा.

"मंग तिकडं चोऱ्या-माऱ्या होतेत का न्हाई?" दत्तानं एकदा गाळणी आपटत विचारलं.

"होतेत की. माजा एक दोस्त होता, पेट्रोल पंपाचं दुकान चालवायचा. भर दुपारी एक पोरगा शिरला, गल्ल्यातलं घेतलं आन् जाता जाता गोळी घातली. त्याच्या आधी तीनदा धरलं होतं त्या पोराला. तीनदा सोडलं. का तर म्हणे, गरीब घरचा हाय, त्याला समजून घ्या." योगीराजनं हातातला कप बाकड्यावर ठेवला. मग म्हणाला, "माज्या दोस्ताला कुनी समजून घेतलं सांगा बरं?"

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं.

"पेपरात तर उलटंच हाय," आप्पा म्हणाला. "गुन्हे कमी झालेत म्हणून आकडे आलेत."

"आप्पा, आकडे मेलेल्याच्या बायकोला वाचून दाखवा मग."

लोक हसले. तसं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हसले. आप्पाला टोचलं म्हणून हसले. गावाला दुसऱ्याला टोचलेलं लय आवडतं.

योगीराज पुढं बोलतच राहिला. दोस्त गेल्यावर चर्चमधली माणसं पंधरा दिवस त्याच्या घरी डबे पोचवत होती. ओळख ना पाळख. सरकारचं माणूस एकदा आलं, कागद देऊन गेलं. तेव्हापासून आपलं मत फिरलं. ज्या देशात लोकांच्या घरात देव हाय आणि गुन्हेगाराला धाक हाय, तोच देश टिकतो. शाळेत प्रार्थना पाहिजे. कायदा मोडून सरहद्दीच्या कुंपणावरून उड्या मारणाऱ्याला आधी परत धाडलं पाहिजे. "मी रिपब्लिकन हाय, लपवत न्हाई," असं त्यानं सांगितलं आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. डोक्याला लाल टोपी, छातीला बिल्ला, बिल्ल्यावर त्या पक्षाचा हत्ती.

फोटो हातोहात फिरला. टोपी सगळ्यांनी बघितली. हत्ती आप्पानं बघितला.

घरी बायकोनं, राजेश्रीनं, ताटात भाकर टाकता टाकता मीठ चोळलं. "योगीराज किती सादा हाय हो. एवढा शिकलेला, पन माज्या हातची भाकर मागून खाल्ली काल. आन् बोलतंय कसं, ऐकावं वाटतंय."

"माजं ऐकावं वाटत न्हाई का?"

"तुमचं पाठ झालंय." ती चुलीकडं वळली.

असल्या बोलण्यानं माणूस मरत नाही, हे खरं. पण आप्पाला त्या रात्री वाटलं की मेलेलं बरं. आणि खरा घाव अजून बसायचाच होता. दुसऱ्या दिवशी शाळेचे सिद्धोधन गुरुजी वाटेत भेटले. गुरुजी गावचेच, खालच्या वस्तीतले. त्यांचं घर विहाराला लागून.

"आप्पा, सव्वीस जानेवारीला यंदा योगीराजला बोलू द्यावं म्हनतो. तुमी दरसालचे हायतच."

दरसालचे. सव्वीस जानेवारीचं भाषण म्हणजे आप्पाचा सण. कोटाला इस्त्री, कपाळाला बुक्का, माईकवर "बंधुभाव, समता आणि संविधान" हे तीन शब्द ओळीनं, त्याच सुरात. वर्षातून एकदा सगळं गाव त्याच्याकडं तोंड करून बसायचं. ते पण या बाकड्यावरच्या पाहुण्यानं न्यावं?

"बरं हाय की," आप्पा म्हणाला. तोंड हसलं. आतून आगीचा डोंब उसळला.

आता ऐका, आप्पा अडाणी नव्हता. अमेरिकेतला रिपब्लिकन म्हणजे देवाधर्मावाला, बंदूकवाला, जुन्या वळणाचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानंच तर गावाला कितीदा वाचून दाखवलं होतं, पण गावाच्या कानात ते राहिलंच नव्हतं. आपल्या गावात रिपब्लिकन या शब्दाला एकच अर्थ. खालची वस्ती. निळा झेंडा. आणि हत्ती म्हणजे निळ्या झेंड्यावाल्यांची जुनी निशाणी, म्हणून तोच अर्थ आणखी पक्का. आप्पाला दोन्ही अर्थ येत होते. मत्सरी माणसाला एवढंच लागतं. खोटं बोलायची पण गरज पडत नाही.

तो सरळ आश्रुबा तात्याच्या वाड्यावर गेला. तात्या योगीराजचा सख्खा चुलता, भावकीतला थोरला आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष. तात्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा होता.

"तात्या, बरं झालं म्हनावं का वाईट, कळंना. योगीराज रिपब्लिकन झालाय."

तात्याचा हात थांबला. "कोन म्हनतंय?"

"त्याच्याच तोंडचा शब्द हाय. छातीला हत्तीचा बिल्ला हाय. समद्या हॉटेलानं बघितलाय."

"हत्ती?"

"हत्ती."

"आन् गुरुजीनं त्यालाच भाषनाला बोलावलंय," तात्या दात खात म्हणाला. त्याच्या डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं. आप्पाला पुढं एक अक्षर बोलावं लागलं नाही. एकदा वाटलं, सांगावं, तात्या, तिकडचा तो पक्ष निराळा. जीभ हलली नाही.

संध्याकाळी तात्यानं पुतण्याला समोर उभं केलं.

"एकच सांग. तू रिपब्लिकन हायस का न्हाई?"

"हाय की तात्या. अभिमानानं हाय."

तात्या उठला, चपला घातल्या आणि शेताकडं निघून गेला. योगीराज बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून भावकीत त्याला कुणी जेवायला बोलावलं नाही. समितीनं गुरुजींना निरोप धाडला: भाषण परमेश्वर आप्पाच करतील. का, ते कुणी सांगितलं नाही. आपल्याकडं असलं काही सांगत नसतात. नुसतं करतात.

आप्पानं कोट इस्त्रीला टाकला.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. जिलेबीची टोपली पोत्यानं झाकून वर्गात ठेवली होती आणि पोरांचे डोळे तिच्यावर. तात्या पुढच्या खुर्चीत ताठ बसलेला. योगीराज मागं भिंतीला टेकून उभा, आईच्या श्राद्धाला भादरलेलं डोकं उघडंच. आप्पानं माईक हातात घेतला, दोनदा फुंकला.

"बंधुभाव..." त्यानं सुरुवात केली.

तेवढ्यात खालच्या वस्तीतली कुसुमबाई, सिद्धोधन गुरुजींची आई, पांढरं लुगडं सावरत मागच्या बाजूनं आली आणि तिनं योगीराजच्या मनगटाला धरलं. "चल लेकरा. आमच्याकडं चा घे."

योगीराज गेला. त्याच्यामागं दोन पोरं गेली, मग दत्ता गेला, मग बाया. आप्पा "समता" म्हणेपर्यंत निम्मं पटांगण उठलं होतं. "संविधान" म्हणेपर्यंत समोर तात्या, गुरुजी आणि जिलेबीची वाट बघणारी बारकी पोरं एवढेच उरले. आप्पानं भाषण पुरं केलं. सोडलं नाही. पाठ होतं ते.

मग कोटासकट तो खालच्या वस्तीकडं निघाला. कशाला निघाला, त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय निघाले. जिथं आपले ऐकणारे गेले तिथं माणूस जातोच, बायको पळून गेल्यावर तिच्या माहेरी जातो तसा.

विहारापुढं सतरंजी टाकली होती. योगीराज मधोमध, भोवती गाव. आप्पा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला थांबला.

"मावशी, चूक झालीय," योगीराज म्हणत होता. "काल रात्री ध्यानात आलं माज्या. तिथला रिपब्लिकन निराळा. मी तुमच्या पक्षाचा न्हाई."

"सिद्धूनं सांगितलंय मला. तुजा हत्ती निराळा आन् आमचा निराळा." कुसुमबाई शांत होती. "तुज्या पक्षासाठी न्हाई बोलावलं. ज्या शब्दाला भिऊन तुज्या चुलत्यानं तुला ताटावरून उठवलं, तो शब्द आमचा हाय. म्हनून बोलावलं. आता सांग, तुजा रिपब्लिकन काय म्हनतो?"

आणि योगीराजनं सांगितलं. लाजला नाही, गोड केलं नाही. दोस्ताची गोळी, चर्चचे डबे, धाक, प्रार्थना, कुंपण. जसं हॉटेलात तसंच इथं. आडोशाला उभ्या आप्पाला मनातून वाटलं, आता फोडतील याला. फोडा.

"मंग तू उपराच की तिथं," गुरुजींची बायको धम्मशीला म्हणाली. "तुला बी परत धाडलं तर?"

"मी रांगेत उभा राहून गेलो, ताई. बारा वर्षं रांगेत होतो. रांग मोडून घुसतेत त्यांच्याबद्दल बोलायलोय मी."

"रांगेचं आमाला सांगू नका, भाऊ. माजी आजी विहिरीवर रांगेतच होती जलमभर. तिचा नंबर कवाच आला न्हाई. रांग लावनारा कोन हाय, ते बी बघावं लागतंय."

योगीराजनं मांडी बदलली. मग म्हणाला, "तेवढं मान्य, ताई. पन धाक पाहिजे, ह्या बोलन्यावरून मी हटनार न्हाई. धाक सुटला की पयला गरीबच मरतो. माजा दोस्त काय श्रीमंत नव्हता."

"ते खरं हाय," कुसुमबाई म्हणाली. "धाक पाहिजे. आमच्या दारात दगड टाकनाऱ्याला पाहिजे होता तवा कुनाला आठवला न्हाई, एवढंच."

कुणी हसलं नाही, कुणी उठलं नाही. भांडण होतं आणि भांडण नव्हतं. आप्पा टाकीआडून एक पाऊल पुढं सरकला. तीस वर्षं तो बोलला, पण त्याला कुणी उलटून असं विचारलं नव्हतं. लोक माना हलवत होते. आता कळलं, मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे. या योगीराजशी लोक भांडतात. आपल्याशी कोण भांडतंय?

"आप्पा, तिथं कामून उभे?" योगीराजनं बघितलं होतं. तो उठला, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून सतरंजीच्या कडेला ठेवली. "या. तुमची खुर्ची."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर आप्पा जगला असता.

सगळी तोंडं आप्पाकडं वळली. कुसुमबाई थाळीत कप घेऊन आली. "या आप्पा. तुमीच सांगितलं म्हनं तात्याला, पोरगं रिपब्लिकन हाय म्हनून. लय बरं केलंत. न्हाई तर तुमच्याकडलं कोन आमच्या दारात चा प्यायला येतंय?"

आप्पा खुर्चीत बसला. कप हातात होता. तीस वर्षं समतेवर भाषण ठोकलेला हा माणूस आजवर या वस्तीत पाण्याचा घोट पण प्याला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं आणि त्यानं सांगितलंही नव्हतं. वरच्या रस्त्यावरून तात्या शाळेतून घरी चालला होता. तो थांबला आणि खाली बघत राहिला. आप्पाला तो दिसला. योगीराजचा कप रिकामा झालेला, तोही दिसला.

आप्पानं फुंकर न घालता चहा तोंडाला लावला. जीभ भाजली. कप संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, अजून एक द्या."

बंधुभावानं नाही, संविधानानं नाही. योगीराजनं एकच घेतला होता, म्हणून.