सेक्रेटरींचा आडोसा

सखारामच्या हातून सजीव वस्तू टिकत नाही, ही गोष्ट टिटवाळ्यापासून खडवलीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत पक्की झाली होती. त्याने लावलेली तुळस वाळे, मोगरा वाळे. कोरफड मारायची तर माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, ती त्याने नुसतं रोज प्रेमाने पाणी घालून मारली. काचेच्या भांड्यात मासे आणले, ते दुसऱ्या सकाळी उताणे. पोपट आणला, तो पिंजऱ्याचं दार बंद असताना कसा उडून गेला हे अजून कुणाला कळलेलं नाही. पाण्याच्या टाकीवर वॉल फिरवण्यात जन्म गेला, त्यात एकही वॉल बिघडला नाही, हे सखाराम अभिमानाने सांगे. त्यावर त्याची बायको रमाबाई म्हणे, लोखंड होतं म्हणून वाचलं.

अशा माणसाकडे त्याच्या धाकट्या बहिणीने, शीलाने, अंड्यातून कालच निघालेली चाळीस पिल्लं ठेवायला आणली, म्हणजे तिची अडचण केवढी असेल ते समजून घ्यावं. खडवलीला तिने कोंबड्यांसाठी शेड उभी केली होती. शेड झाली, जाळी झाली, पण विजेचा मीटर काही आला नाही, आणि उबवणी केंद्राची गाडी मात्र सांगितल्या दिवशी येऊन उभी राहिली. जानेवारीची थंडी. दिव्याच्या उबेशिवाय ती पिल्लं एक रात्रही काढू शकली नसती. शीलाने खोके सखारामच्या हॉलमध्ये ठेवले आणि निघताना भावाला बाजूला घेतलं.

"दादा, पंख फुटेपर्यंत सांभाळ. तू फक्त दिवा लाव आणि लांब बस. माया करू नकोस."

हे सखारामच्या फार जिव्हारी लागलं. यातली निम्मी जरी मेली तरी पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आपलीच गोष्ट निघणार, हे त्याला ठाऊक होतं. या वेळी जगवून दाखवायचीच, असं त्याने मनाशी धरलं.

ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा. ती गोल असावी लागते, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. सखारामने नाक्यावर पडलेला वाढदिवसाचा फ्लेक्स आणला आणि पुठ्ठ्याचा आधार देऊन त्याचं कडं केलं. कुणा भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा आतल्या बाजूला आला. खाली भाताचं तूस, वर कागद, आणि मधोमध दोन पिवळे बल्ब टांगले. रमाबाईने गूळपाणी केलं. सखारामने एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवून त्यांना पाणी प्यायला शिकवलं आणि कागदावर मक्याचा भरडा पसरला. भावी नगरसेवक चाळीस तोंडांकडे कौतुकाने बघत राहिला.

शीलाने त्याला एक खूण शिकवली होती. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते. कडेला पळाली तर उकडतं. एकाच बाजूला ढीग करून बसली तर कुठून तरी वारा लागतोय. आणि जोंधळे सांडल्यासारखी सगळीकडे पसरलेली दिसली की समजावं, सुखात आहेत.

दोन दिवस जोंधळे नीट सांडलेले होते. तिसऱ्या संध्याकाळी काळू नदीकडून वारा सुटला. हॉलची सरकती खिडकी बिल्डरने दिली त्या दिवसापासून पुरती लागत नव्हती, वीतभर फट राही. उन्हाळ्यात सखाराम त्या फटीला दुवा देई. आता पिल्लं कड्याच्या एका बाजूला ढीग करून ओरडू लागली. त्याने फटीत गोधडी कोंबली, तर वारा खालून आला. फळी लावली, तर वरून आला. चादर बांधली, ती फडफडली तशी पिल्लं भिऊन आणखीच एकमेकांवर चढली. ढिगाच्या तळातून सखारामने एक पिल्लू काढलं, ते गार पडलं होतं. त्याने ते तळहातावर धरून फुंकर घातली, चोळलं, पण ते गेलंच. झाली सुरुवात, असं तो स्वतःशीच म्हणाला.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात सोसायटीची पाहणी समिती उभी.

सोसायटीत तक्रार झाली होती, चिवचिवाटाची आणि वासाची. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी प्रभाकरराव हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नियमाबाहेर गेलेली गोष्ट त्यांना दाताखालच्या खड्यासारखी लागे. देह म्हणाल तर भरदार, लिफ्टमध्ये ते शिरले की बाकीचे जिन्याने जात. त्यांच्याबरोबर निवृत्त मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई आणि घरी बसून कंपनीचं काम करणारी आसावरी. ही पिल्लं पाळीव समजायची की धंद्याची, यावर समितीने अहवाल द्यायचा होता.

दोघी बायका थंडीने कुडकुडत आल्या होत्या, त्या सरळ बल्बांजवळ जाऊन हात शेकत बसल्या. प्रभाकररावांना मात्र बारा महिने उकडे. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, खिडकीपाशी फटीला पाठ लावून ठेवली आणि हुश्श करून बसले.

सखाराम कड्यात बघत होता. ढीग हलला. एक पिल्लू सुटलं, मग दोन, मग सगळीच. थोड्या वेळात जोंधळे सांडले.

प्रभाकरराव पिल्लं जवळून बघायला उठले, तशी सगळी पुन्हा बाजूला पळाली. ते बसले, ती पसरली. सखारामने रमाबाईकडे पाहिलं. रमाबाईने एकदा पिल्लांकडे, एकदा सेक्रेटरींच्या पाठीकडे पाहिलं आणि चहाचं आधण वाढवलं.

थंडीत हा वारा एकदा सुरू झाला की रोज दिवेलागणीला सुटे आणि जेवणं होईपर्यंत पडे. म्हणजे तेवढा वेळ हे गृहस्थ रोज त्या खुर्चीत हवे होते. आणि ते तर तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळे व्हायला निघाले होते. पिल्लं थोडी आहेत, पंख फुटले की जाणार आहेत, हरकत नाही, असं ते बोलूही लागले. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. सखाराम घाबरला.

"साहेब, असं घाईने नका करू," तो म्हणाला. "तुम्ही आवाज कुठे मोजलाय अजून?"

प्रभाकरराव थबकले. आरोपीने स्वतःहून असा मुद्दा काढावा, असं त्यांच्या अख्ख्या नोकरीत झालं नव्हतं. पण मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या संध्याकाळी आवाज मोजला गेला. त्या दिवशी जाता जाता सखारामने वासाची आठवण करून दिली. वासाची पाहणी आलं घातलेल्या चहाबरोबर आणि कांद्याच्या भज्यांबरोबर झाली, त्यामुळे कुणालाच पिल्लांचा वास आला नाही आणि ती पुन्हा घ्यावी लागली. मग सखाराम हळूच म्हणाला, साहेब, पिल्लं मी सांगतो तेवढीच आहेत कशावरून, मी खोटारडा असलो तर? प्रभाकररावांच्या डोळ्यांत चमक आली. ज्याने जन्मभर तागडीतला फरक पकडला त्याला मोजणी म्हणजे मेजवानी. ते खुर्चीतूनच बोट फिरवून मोजत, पिल्लं फिरत, आणि आकडा कधी छत्तीस येई, कधी पंचेचाळीस. चुकीच्या आकड्यावर सही करणाऱ्यांतले ते नव्हते. मोजणी दिवसामागून दिवस चालली. प्रमोदिनीबाई विणकाम घेऊन येऊ लागल्या. आसावरी लॅपटॉप. रमाबाईने जवळच्या बुद्धविहारातली मोठी सतरंजी मागून आणली. अशी सोन्यासारखी चौकशी टिटवाळ्यात कधी झाली नसेल.

घात आसावरीने केला. तिने एका संध्याकाळी मोबाइलवर वरून फोटो काढला. फोटोतली पिल्लं हलत नव्हती.

"काका, एकोणचाळीस," ती म्हणाली. "झालं ना?"

प्रभाकररावांनी तीनदा मोजून खात्री केली आणि हरकत नसल्याचा अहवाल लिहिला. समिती बरखास्त झाली. तिघांनी सखारामचं अभिनंदन केलं. त्याचा चेहरा बघून त्यांना वाटलं, गडी आनंदाने गहिवरलाय.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला तो असा, की बल्ब झोके घेऊ लागले. खुर्ची रिकामी. पिल्लांचा ढीग झाला. सखाराम स्वतः खुर्चीत बसला, पण तो काटकुळा, वारा त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे गेला. रमाबाई शेजारी बसली, तर दोघांच्या मधून गेला. तांदळाची गोणी ठेवली, तर वारा गोणीवरून आला आणि पिल्लं गोणीला भ्यायली. शेवटी रमाबाईने पदर पसरून कड्यावर धरला आणि म्हणाली, "अहो, बघत काय बसलात. जा, त्यांना घेऊन या."

"काय सांगून आणू?"

"खरं सांगा. आता दुसरं शिल्लक काय राहिलंय?"

सखाराम जिने चढून वर गेला. प्रभाकरराव टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या पत्नी नीलाताई मागे उभ्या राहून, मान वाकडी करून, त्यांच्या खांद्यावरून मालिका बघत होत्या.

"साहेब, खाली चला."

"समिती बरखास्त झाली, सखारामभाऊ."

"मग मी माझ्याविरुद्ध नवी तक्रार देतो."

"कशाबद्दल?"

सखारामने खूप आठवून पाहिलं. आवाज झाला होता, वास झाला होता, आकडा झाला होता. आता गुन्हाच उरला नव्हता. त्याने घसा खाकरला.

"साहेब, राग नका मानू. तुम्ही त्या खिडकीत बसता ना, तेव्हा वारा अडतो. गोधडीने नाही अडत, फळीने नाही अडत. मी बसून बघितलं, आमची ही बसली, नाही अडत. तुमच्याने अडतो. तुमच्या त्या... देहाने. तुम्ही आलेलात म्हणून इतके दिवस पिल्लं जगली. आज तुम्ही नाहीत तर खाली ढीग झालाय."

टीव्हीवर जाहिरात लागली. प्रभाकररावांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, जणू त्याची आजच ओळख होत होती. सखारामला वाटलं, आता हा माणूस पिल्लांसकट आपल्याला रस्त्यावर काढणार.

नीलाताई मागून म्हणाल्या, "जा हो. इथे बसून टीव्हीच तर अडवताय."

प्रभाकरराव सावकाश उठले. शाल घेतली, मग नको म्हणून ठेवली.

"खुर्ची मी माझी आणतो," ते म्हणाले. "तुमच्या खुर्चीचा मागचा पाय वाकतो. इतके दिवस जीव मुठीत धरून चौकशी केली मी."

त्या संध्याकाळी ढीग सुटला तेव्हा रमाबाईने पदर खाली घेतला आणि खांदे चोळत आत गेली. त्यानंतर प्रभाकरराव एक दिवस चुकले नाहीत. दिवेलागणीला खुर्ची घेऊन हजर. बसण्याआधी बोट ओलं करून फटीपुढे धरत, आणि आज वारा जरा डावीकडून आहे असं सांगून खुर्ची चार बोटं सरकवत. समिती नव्हती तरी दोघी बायका शेकायला येतच होत्या. पिल्लांना पिसं फुटली, ती फ्लेक्सच्या काठावर उडून बसू लागली. एक तर प्रभाकररावांच्या गुडघ्यावर बसलं आणि तिथेच त्याने आपला कार्यभाग उरकला. प्रभाकररावांनी बराच वेळ त्या डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, हे अहवालात नव्हतं.

शीलाचा मीटर आला तशी पिल्लं टेंपोने खडवलीला निघाली. प्रभाकरराव, हस्तांतर नीट व्हावं म्हणून, ड्रायव्हरशेजारी खुर्ची मांडीवर घेऊन बसले. सखाराम मागे खोक्यांत.

शीलाने शेडमध्ये पिल्लं सोडली आणि मोजली. मग पुन्हा मोजली. तिने भावाकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, बदलून दुसरीच आणली नाहीत ना.

"एक मेलं," सखाराम म्हणाला.

"एकच?"

"एकच."

"तू सांभाळलीस?"

हो म्हणायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. लग्नाबारशातल्या सगळ्या गोष्टींचा हिशेब त्या एका शब्दात फिटला असता. पण त्याने शेडच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे दाराच्या बाजूला दोन फळ्यांची फट राहिली होती. प्रभाकररावांनी बोट ओलं करून ती केव्हाच शोधली होती आणि फटीला पाठ लावून, खुर्ची मांडून, डोळे मिटून ते बसले होते. त्यांच्यापुढे पिल्लं शेडभर सांडली होती.

शीलाने पिल्लांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. फटीपाशी हात धरून वारा लागतो का ते पाहिलं. सखारामने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. चौकशी, मोजणी, काही लपवलं नाही. ती तोंडात पदर कोंबून ऐकत राहिली.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "पुढच्या खेपेला शंभर आणते. तुझ्याकडेच ठेवू. यांना विचारून घे फक्त."

"विचारायचं काय त्यात. पाहणी आहे म्हणून सांगायचं."

"आणि जेवायला काय देऊ? अंडं चालत नसेल."

"भजी दे. भज्यांवर ते कितीही बसतात."

शीला घरात गेली. चुलीवर कढई चढवली, कांदे काढले, आणि कांदे चिरता चिरता फट बुजवायला येणार होता त्या सुताराला फोन करून सांगितलं की घाई नाही, उद्या आलास तरी चालेल.